मुलीचं नाव बकुळ ठेवलं, आता नोंदणीच्या आधी मन डळमळतंय

गुहागरी
११ मे, रात्री १२.१०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. लेक मांडीवर झोपलीय आणि एका हाताने टाइप करतेय, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

आमची मुलगी जानेवारीत झाली, चिपळूणला, माझ्या माहेरी. बाराव्या दिवशी बारसं केलं. नणंद अकोल्याहून मुद्दाम आली होती. तिने कानात कुर्र करून नाव सांगितलं, बकुळ. पाठीत धपाटे खाल्ले, घुगऱ्या वाटल्या, सगळं रीतसर झालं. जन्माची नोंद त्याआधीच नगरपरिषदेत झाली होती, त्यामुळे तिथे नावाची जागा अजून रिकामी आहे. एप्रिलपासून आम्ही परत गुडगावला आलोय, दोघांच्या नोकऱ्या इथेच. माझा भाऊ पुढच्या आठवड्यात नावाचा अर्ज द्यायला नगरपरिषदेत जाणार आहे. अर्ज समोर पडलाय आणि माझी सही होत नाहीये.

हे नाव काही पुस्तकात बघून काढलेलं नाही. माझी आजी मार्गशीर्षात गेली. मी घरातच होते, पण पोटात बाळ म्हणून मला तिच्याजवळ बसू दिलं नाही. मी मागच्या खोलीत. बाळ पाच दिवसांचं झालं तेव्हा आईने दुपट्यांसाठी आजीची जुनी नऊवारी ट्रंकेतून काढली. दुसऱ्या लुगड्याची घडी मोडली तसं तपकिरी काहीतरी कॉटवर सांडलं. मला आधी वाटलं कसर लागलीय. बकुळीची फुलं होती, सुकून कागदासारखी झालेली. दोरा कुजून तुटला होता, पण वास तसाच. आई तिथेच खाली बसली.

आमच्या अंगणात बकुळ नाही, देवळाच्या आवारात आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आजी पहाटे जाऊन ओच्यात फुलं घेऊन यायची आणि मी पायरीवर बसून ओवायची. बकुळीला सुई लागत नाही, फुलाला मधोमध भोक असतंच. दोऱ्याचं टोक मी तोंडात धरून ओलं करायला गेले की आजी ओरडायची, "देवाची फुलं उष्टी करू नकोस." मग ती टोकाला मेण चोळून द्यायची. त्या दिवशी कॉटवर ती फुलं बघितली आणि नाव ठरलं. दुसरं सुचलंच नाही.

आता इथलं सांगते.

लशीसाठी एका दवाखान्यात नेलं, फाइलवर 'मास्टर बकुल' आलं. मुलगी आहे म्हटल्यावर बाई म्हणाल्या, बकुल तो लड़के का नाम होता है. ऑफिसात एकीने विचारलं, "बगुला?" बगुला म्हणजे हिंदीत बगळा. तिने वाईट हेतूने नाही विचारलं, पण शाळेतली मुलं काय करतील ते मला तेव्हाच दिसलं. शेजारच्या बंगाली काकू 'बोकुल' म्हणतात. त्यांना फूल माहीत आहे, त्या तरी खूश झाल्या. अकोल्याच्या आजेसासूबाई व्हिडिओ कॉलवर 'बकुय' म्हणतात, कारण त्यांच्या बोलीत डोळ्याचा डोया होतो आणि काळ्याचा काया. ते मला जराही खुपत नाही, उलट गोड वाटतं. पण 'ल' ऐकला की दर वेळी आत काहीतरी टोचतं.

तेही सहन केलं असतं. परवा नवरा फोनवर कुणालातरी सांगत होता, "बेटी का नाम? बकुल." मी विचारलं, तू पण? तर म्हणाला, "अगं, समजावत कोण बसणार." पोटात गोळाच आला. बापच दमला असेल तर उद्या ही शाळेत स्वतःची ओळख करून देताना काय म्हणेल? स्वतःच बकुल म्हणेल ना?

मग रात्री जागताना वाटायला लागतं, की आजीची आठवण माझी आहे, हिची नाही. माझं दुःख मी हिच्या नावात बांधून ठेवलंय का? सासूबाईंना पहिल्यापासून बकुळ जुनाट वाटतं, त्या बोलून दाखवत नाहीत इतकंच. जुई, मुक्ता, रेवा ही नावं आम्ही तेव्हा बाजूला ठेवली होती. त्यातलं एखादं घ्यावं का?

बारशानंतर कुणी नाव बदललंय का? 'ळ'वालं नाव घेऊन महाराष्ट्राबाहेर कुणी राहिलंय का? आणि एकदा दाखल्यावर नाव चढलं की बदलता येतं का? खरं खरं सांगा.

वाईची सई
११ मे, सकाळी ७.२५

मी बदललंय. धाकटीचं बारशात अवनी ठेवलं होतं. तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं, आमच्या एकाच बिल्डिंगमध्ये तीन अवनी. पाळणाघरात चौथी. मला हाक मारावीशीच वाटेना. आम्ही बदलून इरावती केलं. आत्याला फार वाईट वाटलं, तिने कानात सांगितलेलं नाव ना. मी तिच्या घरी गेले, समजावलं, पुन्हा एकदा तिच्याच तोंडून कानात सांगून घेतलं. महिनाभर घरात दोन्ही नावांची सरमिसळ चालली. आज मुलगी सात वर्षांची आहे आणि अवनी कुणाला आठवतही नाही.

म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगते, बदलायचं असेल तर लाजू नका आणि उशीर करू नका. बाळ चार महिन्यांचं आहे, अजून हाकेला वळायलाही लागलं नसेल. पण एक फरक आहे बघा. मला नाव आवडेनासं झालं होतं. तुमची पोस्ट मी दोनदा वाचली, तुम्हाला नाव आवडत नाही असं एकदाही लिहिलेलं नाहीये.

दप्तरी
११ मे, सकाळी ९.४०

ताई, मी नगरपरिषदेतून निवृत्त आहे, निम्मी नोकरी जन्म-मृत्यू विभागात गेली. फक्त कागदाचं सांगतो.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. जन्म २१ दिवसांत कळवायचा. बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी नोंद होते, नाव मागाहून देण्याची सोय कलम १४ मध्ये आहे. नोंदणी झाल्यापासून १२ महिन्यांत नाव दिलंत तर शुल्क नाही. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून देता येतं. म्हणजे तुमच्या हातात येत्या जानेवारीपर्यंत वेळ आहे. भाऊ पुढच्या आठवड्यात जातोय म्हणून सही करू नका. तो पुन्हा जाईल.

मात्र नाव एकदा चढलं की गोष्ट वेगळी. कलम १५ चुकीची नोंद दुरुस्त करण्यासाठी आहे. आईवडिलांचं मन बदललं ही चूक धरत नाहीत. मग राजपत्रात नाव बदलाची जाहिरात आणि पुढे प्रत्येक कागद त्याला जुळवत बसायचं. त्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात बदल झालाय. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार. आमच्या वेळी दाखला हरवला तरी शाळेच्या दाखल्यावर निभायचं. तुमच्या मुलीचं तसं नाही, तिचा हा कागद आयुष्यभराचा.

दुसरं, आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. त्यामुळे तुमचं स्वतःचं नावही अर्जात तुमच्या आधारप्रमाणे अक्षर न अक्षर जुळवून लिहा.

आणि जे नाव द्याल ते मराठी रकान्यात मोठं, सुटं लिहा. ळ आणि ल यांची टाइप करताना अदलाबदल होते, माझ्या टेबलावर कितीतरी वेळा झालीय. दाखला हातात आला की खिडकी सोडायच्या आधी वाचा. बाळाचं आधार घाईने काढू नका, आधी दाखला, मग त्यातलंच स्पेलिंग सगळीकडे.

गुहागरी
११ मे, दुपारी ३.०५

दप्तरीकाका, फार उपकार झाले. भावाला थांबायला सांगितलं. खरं तर ते ऐकूनच छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय.

सईताई, तुमचं शेवटचं वाक्य सकाळपासून डोक्यात आहे. नाही, नाव मला आवडतं. हाक मारताना अजूनही दर वेळी बरं वाटतं. भीती तिच्यासाठी वाटते.

स्पेलिंगचा मुद्दा निघालाच आहे तर, तिथेही अडलेय. शेवटी ए लावला तर इथे 'बकुला' वाचतील, नाही लावला तर मुलगा समजतील.

मंगळा, इंदूर
११ मे, रात्री ९.५०

बाळ, मी ६७ वर्षांची आहे. माहेर साताऱ्याचं, लग्न करून इंदुरात आले त्याला ४४ वर्षं झाली. मंगळवारचा जन्म म्हणून मंगळा. इंदुरात मराठी माणसं पुष्कळ, पण मी हिंदी शाळेत शिकवायला लागले आणि पहिल्याच दिवशी हजेरीपटावर मंगला झाले. पहिलं वर्ष मी सगळ्यांना सुधारत होते. जीभ मागे वळवा, टाळूला लावा, असं शिकवत होते अगदी. मुलं प्रयत्न करायची आणि 'मंगडा' म्हणायची. मग सोडून दिलं.

वाईट वाटलं का, तर हो, वाटलं. तुला खोटं सांगणार नाही. वडिलांचं पत्र यायचं, पाकिटावर 'चि. सौ. मंगळा' असं त्यांच्या अक्षरात असायचं, ते मी पाकीट फोडायच्या आधी नुसतं बघत बसायची. पण नाव ओझं झालं नाही कधी. मंगला मॅडम ही शाळेची होती, तिला पगार मिळायचा, तिचा दरारा होता. मंगळा घरची.

माझी सून भोपाळची. लग्नानंतर तिने फार प्रयत्न केला, जमेना, रडकुंडीला आली. एक दिवस मला म्हणाली, "आई, आप भी तो हमारे शहर को भोपाळ बोलते हो. हमने कभी बुरा माना?" मी थक्क झाले. ते लोक भोपाल म्हणतात, नेपाल म्हणतात. आपण सगळीकडे आपला ळ लावून मोकळे होतो आणि आपल्याला वाटतं तेच बरोबर. त्या दिवसानंतर मला 'मंगला' टोचलं नाही.

एक मात्र सांगते. माझ्या यजमानांनी या ४४ वर्षांत मला एकदाही मंगला म्हटलं नाही. शाळेत फोन केला तरी शिपायाला "मंगळाबाईंना बोलवा" असंच सांगायचे, आणि तो कळून घ्यायचा. तुझ्या नवऱ्याला हे वाचायला दे. परक्यांशी भांडू नकोस, त्याच्याशी बोल.

अकारविल्हे
१२ मे, सकाळी ८.१५

ळ बद्दल दोन शब्द, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

ळ फक्त मराठीचा, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. गुजराती, राजस्थानी, पंजाबी, ओडिया, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम या सगळ्यांत तो आहे. ऋग्वेदाची सुरुवातच 'अग्निमीळे' अशी आहे. प्रमाण हिंदीत नाही, बंगालीत नाही. उद्या तुम्ही बेंगळुरूला बदलून गेलात तर तिथे बकुळ हे फूलही माहीत आहे आणि ळसुद्धा. तिरुपतीच्या बालाजीची आई मानतात ती वकुळादेवी, तेही हेच झाड आणि हेच अक्षर. तेव्हा नाव 'फक्त कोकणात चालणारं' नाही.

आणि तुम्ही गुडगावला आहात हे वाचून तर मला लगेच लिहावंसं वाटलं. हरियाणवीत ळ आहे! तिथल्या खेड्यातली माणसं 'काळा' म्हणतात, 'काला' नाही. शाळेत हिंदी शिकलेली पिढी तो लपवते, पण घरात बोलताना ऐका. तुमच्याकडे दूध टाकणारे, भाजीवाले, कामाला येणाऱ्या बायका स्थानिक असतील तर एकदा कान देऊन बघा.

शेवटचं. उत्तरेत बकुळीला मौलसरी म्हणतात. दिल्लीत रस्त्यांच्या कडेला, बागांतून ही झाडं लावलेली आहेत. दाट गोल घेर, गडद हिरवी पानं, पानाची कड किंचित लाटांसारखी. सध्या फुलांचे दिवस आहेत. सकाळी लवकर झाडाखाली बघा, वर नाही. फूल इतकं लहान असतं की झाडावर दिसत नाही.

गुहागरी
१२ मे, सकाळी ८.४०

मौलसरी??

मी रॅपिड मेट्रोने ऑफिसला जाते. रोज उतरते त्या स्टेशनचं नाव मौलसरी अव्हेन्यू आहे. बाळंतपणाच्या रजेआधी दीड वर्ष रोज ती अनाउन्समेंट ऐकत होते. मला वाटायचं कुणा माणसाचं नाव असेल. अंगावर काटा आलाय, आत्ता एवढंच लिहिते.

गुहागरी
१८ मे, रात्री ११.३०

उशीर झाला लिहायला, लेकीला ताप होता लशीचा. आता बरी आहे.

रविवारी पहाटे साडेपाचला तिला पोटाशी बांधून आमच्या मागच्या बागेत गेले. कुंपणाच्या कडेला सहा झाडं आहेत ओळीने. मी त्यांच्याखालून शेकडो वेळा चालले असेन. झाडूवाल्या दादाने अर्धी फुलं आधीच लोटून ढीग केला होता, धुळीत मिसळून. उरलेली मी ओढणीत घेतली. आपल्याकडच्यापेक्षा जरा बारीक वाटली मला, वास तोच. एक तिच्या मुठीत दिलं, तिने सरळ तोंडात घातलं. काढून घेतलं तर भोकाड पसरलं.

आणि आता दुसरं. तिला मालिश करायला एक ताई येतात, झज्जरकडच्या गावच्या. त्या तिला लाडो म्हणतात, कधी छोरी म्हणतात, नाव कधी विचारलंच नव्हतं. सोमवारी मी मुद्दाम जवळ बसले. तेल लावता लावता त्या म्हणाल्या, "बाळक नै भूख लाग री सै." बाळक! महिनाभर रोज म्हणत असणार, मी ऐकलंच नव्हतं. मी त्यांना नाव सांगितलं. त्या मान वर न करता, तिचे पाय चोळत म्हणाल्या, "बकुळ. आच्छा नाम सै." स्वच्छ, अगदी माझ्या आजीसारखा ळ. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि रडून घेतलं.

मंगळामावशी, तुमचं पत्रच म्हणते मी त्याला, ते नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, अकोल्याहून पुण्याला शिकायला आला तेव्हा होस्टेलवर तो 'डोया' म्हणाला म्हणून मुलं हसली होती, आणि दोन महिन्यांत त्याने बोलणं बदललं. लग्नाला पाच वर्षं झाली, हे मला माहीत नव्हतं. म्हणाला, "समजावत कोण बसणार, ही सवय मला तेव्हापासून लागलीय. हिला नको लागायला." मी त्याच्यावर रागावले होते त्याचं मला आता फार वाईट वाटतंय.

सासूबाईंशी फोनवर बोलले. त्यांना नाव अजूनही जुनं वाटतं आणि या वेळी त्यांनी ते स्पष्ट सांगितलं. मला ते बरं वाटलं. मी आजीची ट्रंक, लुगडी, फुलं सगळं पहिल्यांदा नीट सांगितलं. बारशाच्या घाईत त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "मग तसंच राहू दे."

स्पेलिंगला शेवटी ए लावलेला नाही. मुलगा समजतील तर समजोत, चेहरा बघून कळेलच. 'बगुला'चं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ते तिच्या शाळेच्या वेळी बघू.

अर्ज काल भावाला कुरियर केला. दप्तरीकाकांनी सांगितल्याप्रमाणे मराठी रकाना मी स्वतः भरला, ळ शेजारच्या अक्षरांपेक्षा मोठाच झालाय. भावाला बजावलंय, खिडकी सोडायच्या आधी वाच.

आज दवाखान्यात नवरा काउंटरवर उभा राहून तीन वेळा म्हणाला, "बकुळ. ळ. लड़की है." मागे रांग होती, तरी म्हणाला. फाइलवर 'मास्टर'चं 'बेबी' झालं. पुढे बकुल तसंच आहे.